बिनभिंतीचे कान

माझ्या थोरल्या वहिनींच्या प्रयोगशाळेत आजवर एकच कोंबडी स्वतःच्या पायांनी शिरली, आणि ती माझी होती.

यात कोंबडीचा दोष फारसा नाही. ती आजारी होती. तुऱ्यावर आणि डोळ्यांच्या कडांना काळपट फोड उठले होते, एक डोळा मिटत चालला होता, आणि एरवी शेजाऱ्यांच्या वाफ्यांवर धाड घालणारी ती बया खुराड्याच्या कोपऱ्यात अंग फुगवून बसली होती. तिचं नाव पटराणी. हे नाव आमच्या हिने ठेवलं. "घरात पहिला घास तिला, पहिली विचारपूस तिची, मग नावातच कशाला हात आखडता घेता?" असं म्हणून ठेवलं. माझा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला. कागदावरच्या चुका हुडकण्यापलीकडे मला काही येत नाही, आणि आजारी कोंबडीला समासात खूण करून भागत नाही. जनावरांचे डॉक्टर नेमके परगावी गेलेले. मी वहिनींना फोन लावला.

वहिनी पशुरोगांच्या सरकारी प्रयोगशाळेत संशोधक आहेत. फोडांच्या या रोगाला कोंबड्यांची देवी म्हणतात, आणि वहिनींनी सारं आयुष्य त्या देवीच्याच विषाणूला वाहिलं आहे. म्हणजे घरचाच वैद्य.

"वहिनी, पटराणीला देवी आल्यात बहुतेक."

"बरं."

"घेऊन येतो तुमच्याकडे."

"भावजी, मी विषाणू बघते. कोंबड्या बघत नाही."

"अहो, पण तो विषाणू कोंबडीतच आहे ना!"

"आणू नका," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आता माझा आपला एक समज आहे. नातेवाइकांच्या तोंडचं 'आणू नका' म्हणजे 'कशाला उगीच त्रास घेता' याचं लघुरूप. मी पटराणीला पिशवीत घातलं, वरून पंचा टाकला आणि निघालो. फाटकावरच्या पहारेकऱ्याने विचारलं, "पिशवीत काय?" मी म्हटलं, "पेशंट. मॅडमचा दीर मी." दीर या शब्दाला आपल्याकडे अजून मान आहे. त्याने फाटक उघडलं.

वहिनी आतल्या खोलीत होत्या. काचेचं दार, आत पांढरं टेबल, तोंडाला पट्टी, हातात मोजे, आणि समोर बोटाएवढ्या नळ्यांची रांग. मी काचेवर टकटक केली आणि पिशवी उंच करून दाखवली. वहिनींनी मान हलवली. ती 'नाही' अशी हलली होती हे मला नंतर कळलं. मी पुन्हा टकटक केली. शेवटी त्या उठल्या, कोपराने दार वीतभर ढकललं आणि म्हणाल्या, "भावजी, जा—"

पुढचं 'घरी' त्या फटीतून बाहेर यायच्या आत पटराणी आत गेली होती.

त्या मरतुकड्या जिवात एवढा दम कुठून आला कोण जाणे! ती टेबलाखालून स्टुलावर आणि स्टुलावरून टेबलावर गेली. वहिनी ओरडल्या नाहीत. एका हाताने त्यांनी नळ्यांवर झाकण ओढलं आणि दुसऱ्या हाताने पटराणीला दोन्ही पायांना धरून हवेतल्या हवेत उचललं. एक पीस मात्र सुटलं. ते काही केल्या खाली येईना. गिरक्या घेत, वाटेत थबकत, सावकाश टेबलाच्या मधोमध उतरलं. आम्ही तिघंही, कोंबडीसकट, त्याच्याकडे बघत उभे होतो.

"बाहेर," वहिनी म्हणाल्या. कोंबडीला की मला, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

मग काचेपलीकडून त्यांनी सल्लाही दिला. वेगळी ठेवा, मऊ खायला घाला, डोळा कोमट पाण्याने पुसा, फोड खरवडू नका. "आणि वाचेल का हो?" मी विचारलं.

"मरायची नसेल तर वाचेल."

वहिनींचं बोलणं हे असं. त्या आमच्या घरात आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईने त्यांच्या हातात चहाचा कप दिला. नव्या सुनेने तो खिडकीच्या उजेडात धरला, फिरवून पाहिला आणि खाली ठेवला. आईला वाटलं, नक्षी आवडली. वहिनी म्हणाल्या, "साबण राहिलाय." घरात त्या दिवशी कुणी मोठ्याने श्वास घेतला नाही. "सून नव्हे, तपासनीस आणलाय," असं आई पुढे जन्मभर म्हणत राहिली. आणि शेवटच्या आजारपणात वहिनींनी धुतलेल्या पेल्याखेरीज दुसऱ्या पेल्यातून पाणी प्यायला तयार नव्हती तीही आईच.

मी अधूनमधून मासिकांतून हलकंफुलकं लिहितो. अंक आला की पहिल्यांदा वहिनींकडे नेऊन देतो, कारण माणसाला पायरीवर ठेवणारं कुणीतरी असावं. त्या वाचतात, घडी घालतात आणि म्हणतात, "बरं आहे. तिसऱ्या परिच्छेदातला विनोद कुणाचा?"

"माझाच की!"

"छे. त्याच्यावर दुसऱ्या कुणाच्या तरी बोटांचे ठसे आहेत."

असतात. काय करणार?

प्रयोगशाळेत त्यांना पाठीमागे 'डाग मॅडम' म्हणतात. तिथे डाग म्हणजे कपड्यावरचा नव्हे. जे तपासायचं त्यात भलत्याच कशाचा तरी कण मिसळला की तो डाग. कुणाचा केस, कुणाची शिंक, शेजारच्या नळीतला थेंब. एखाद्याला काहीतरी अद्भुत सापडतं, सगळे टाळ्या पिटतात, साहेब पाठ थोपटतात, आणि मग मागून वहिनी येऊन शांतपणे म्हणतात, "डाग असेल." बहुतेक वेळा असतोच. त्यांच्या खात्यात एक जाड मिशांचे गृहस्थ आहेत. त्यांना सगळे मिशीवाले म्हणतात. त्यांना एकदा बदकात अगदी नवाकोरा विषाणू सापडला. ते त्याला स्वतःचं नाव द्यायच्या बेतात होते. वहिनींनी छडा लावला तेव्हा तो टोमॅटोच्या झाडाचा विषाणू निघाला. दुपारच्या डब्यात टोमॅटो होता.

अशा वेळी काय करायचं, याचा दंडक वहिनींनीच तरुणपणी घालून दिला आणि तो पुढे खात्याचा रिवाज झाला. ज्याचा निकाल डाग ठरेल त्याने टेबल सोडायचं. त्याचा प्रश्न दुसऱ्याकडे जाणार, आणि तो माणूस महिनाभर मागच्या मोरीवर बाटल्या धुणार. यातून खुद्द साहेबही सुटले नव्हते. मिशीवाल्यांनी तर टोमॅटोच्या महिन्यात इतक्या बाटल्या धुतल्या की त्यांच्या मिशांना म्हणे साबणाचा वास यायचा.

पटराणी आत शिरली त्या दिवशी टेबलावर काय होतं, ते मला पुढे कळलं.

कोंबड्यांचा व्यवसाय करणारी एक बाई काही दिवसांपूर्वी काड्यापेटीत फोडांच्या खपल्या घेऊन वहिनींकडे आली होती. तिच्या निम्म्या कोंबड्या घशात फोड येऊन मेल्या होत्या. "मॅडम, लस तर सगळ्यांना टोचली होती," ती म्हणाली. "वेळेवर टोचली, तुमच्याच खात्याची टोचली. मग या का मेल्या?"

वहिनी म्हणाल्या, "माहीत नाही."

एवढ्या वर्षांत त्या घरी येऊन कामाबद्दल कधी बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी बोलल्या. "अख्खा जन्म या एका रोगात काढला आणि त्या बाईला 'माहीत नाही' म्हणून परत पाठवली," एवढंच म्हणाल्या. वर्षअखेर त्या निवृत्त व्हायच्या होत्या. त्याआधी त्या बाईला उत्तर द्यायचं, हा एकच ध्यास. काड्यापेटीतल्या निम्म्या खपल्या त्यांनी कडेकोट गारठ्यात ठेवून दिल्या आणि निम्म्या उघडल्या. ज्या दिवशी उघडल्या, नेमक्या त्याच दिवशी मी पिशवी उंच करून दाखवली.

त्यानंतर काही आठवडे गेले. पटराणीच्या खपल्या पडल्या, डोळा उघडला, आणि तिने वाफ्यांवरची मोहीम पुन्हा सुरू केली. मी निश्चिंत होतो. मग एके सकाळी दादा आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, वहिनींचे यजमान. जगातल्या सर्वांत धुतल्या कपातून चहा पिणारा माणूस. तो दारातच म्हणाला, "तुझ्या वहिनीचं काहीतरी बिनसलंय."

"का? जेवत नाहीत?"

"जेवते. पण काल मी चहा दिला, तर तिने कप उजेडात धरलाच नाही. तसाच प्यायली."

आमची ही आतून धावत बाहेर आली. "अगं बाई! डॉक्टरला दाखवलंत का?"

मी त्याच पावली दादाबरोबर गेलो. वहिनी जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या. समोर कागद पसरलेले; त्यांवर नुसती अक्षरंच अक्षरं, ओळीमागून ओळी, कुठे विराम नाही की परिच्छेद नाही. मुद्रितं तपासणाऱ्या माणसाला भोवळ यावी असा मजकूर.

"बसा भावजी," त्या म्हणाल्या. "काहीतरी सापडलंय."

"वा! मग आनंदाची—"

"विषाणूच्या धाग्यात, म्हणजे ज्यावर त्याची सगळी कृती अक्षराअक्षराने लिहिलेली असते त्यात, एक तुकडा सापडलाय. तो विषाणूचा नाही, कोंबडीचा आहे."

"कुठल्या कोंबडीचा?" मी सहज विचारलं.

वहिनींनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. "तेच मी विचारतेय."

माझ्या डोळ्यांपुढे ते पीस पुन्हा गिरक्या घेऊ लागलं.

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. त्या आधी कधी असं समजावत नसत. बहुधा स्वतःलाच सांगत होत्या. "समजा, चोरांनी छापलेलं एक पुस्तक तुमच्याकडे तपासायला आलं. वाचता वाचता मधेच पोलिसांच्या नियमावलीतलं एक पान निघालं. तुम्ही काय म्हणाल?"

"बांधणीवाल्याने घोळ घातला म्हणेन. दुसरं काय?"

"म्हणजे डाग. हा विषाणू वाढतोच कोंबडीच्या अंगात. तेव्हा त्याच्या आसपास कोंबडीचे कण सापडायचेच. त्यात तुम्ही एक सबंध कोंबडी आणून टाकलीत." जरा थांबून त्या म्हणाल्या, "पण समजा, बांधणीचा घोळ नसेल, ते पान चोरांनी खरोखरच आपल्या पुस्तकात छापून घेतलं असेल, तर?"

"तर चोर हुशार म्हणायचे. पण ते करतील काय त्या पानाचं?"

इथे वहिनींच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "भिंतीला कान असतात म्हणतात ना, तसे पेशींना खरंच असतात. विषाणू एका पेशीत शिरला की ती पेशी आरडाओरडा करते. शेजारच्या पेशींच्या भिंतींवर कान असतात. त्यांना तो ओरडा ऐकू येतो, त्या दारंखिडक्या लावून घेतात, शिपाई गोळा होतात. हा जो तुकडा सापडलाय ना, तो त्या कानाचा आहे. कान कसा घडवायचा त्याची कृती."

"विषाणूला कान कशाला? त्याला काय ऐकायचंय?"

"त्याला ऐकायचं नाही, दुसऱ्याला ऐकू द्यायचं नाही. मूळ कानाला भिंतीत रोवायचा एक खुंटा असतो. या तुकड्यात तेवढा खुंटाच नाही. म्हणजे यातून कान घडले तर ते भिंतीवर बसणार नाहीत, सुटे सुटे तरंगत राहतील. पेशी ओरडली की तो ओरडा हे सुटे कानच झेलणार. शेजारणीपर्यंत काही पोचायचंच नाही. इकडे घर लुटलं जातंय आणि आळी गाढ झोपेत."

मी गार पडलो. "म्हणजे लस टोचून शिपाई तयार ठेवलेत, पण त्यांना हाकच ऐकू जात नाही!"

"असेल," वहिनी म्हणाल्या. "'असेल' म्हणतेय मी."

"पण त्या एवढ्याशा विषाणूला चोरी सुचली कशी?"

"त्याला काही सुचत नाही हो. कोंबडीच्या पेशीत मूळ मजकूर असतो तो म्हणजे कच्चा खर्डा. मधे मधे पानंच्या पानं भरताड. पेशी त्याची नक्कल काढते, भरताड कापते आणि स्वच्छ प्रत कामाला पाठवते. विषाणू तिथेच बसून स्वतःच्या प्रती काढत असतो. गर्दीत कधीतरी चुकून ती स्वच्छ प्रत त्याच्या धाग्यात चिकटते. लाख वेळा त्याचा काही उपयोग होत नाही, उलट तो विषाणूच मरतो. एखाद्या वेळी उपयोग होतो, आणि तोच टिकतो. माझ्या तुकड्यात भरताड नाही. स्वच्छ प्रत आहे."

"मग झालं तर! डाग असता तर भरताडासकट आला असता."

"स्वच्छ प्रतीही तरंगत असतातच की पेशीत. त्यांचाही डाग लागू शकतो."

मला एकदम छापखाना आठवला. "वहिनी, ते पान सुटं चिकटवलंय की चोरांच्या मजकुराबरोबर एकाच फर्म्यात छापलंय, ते बघा ना! एकाच कागदावर अलीकडे चोर, पलीकडे चोर आणि मधे पोलीस, असं असेल तर बांधणीवाला निर्दोष."

वहिनींनी माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं. "बघितलंय ते. एकाच फर्म्यात दिसतंय. पण मी धाग्याचे तुकडे वाचले आणि ते यंत्राने जुळवले. जुळवणारा चुकू शकतो. आणि खपल्या त्या दिवशीच्या." मग कागद गोळा करता करता म्हणाल्या, "डाग निघाला तर मी टेबल सोडेन. माझा प्रश्न दुसऱ्याकडे जाईल. महिन्याने परत टेबलावर बसले, तरी नव्याने काही शोधायला मला आता वर्ष उरलेलं नाही."

दादा मधेच हळूच म्हणाला, "अगं, पण तुला कोण विचारतंय? साहेब तर म्हणतात, छापून टाका."

"म्हणून तर," वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या पेटी घेऊन आमच्या घरी हजर. "पटराणीचं रक्त हवंय."

"आता तिला कशाला छळता ताई?" आमची ही म्हणाली. "मेली आत्ताच कुठे सावरलीय."

"आरोपीला विचारल्याशिवाय मी निकाल देत नाही. हिच्या अंगात बिनखुंट्याचा कान जन्मतःच असला तर? भावजी, धरा तिला."

मी धरलं. पटराणीने आधी माझा अंगठा फोडला, मग मनगट. वहिनींनी पंखाखालून दोन थेंब कधी घेतले ते तिला कळलंही नाही. ती माझ्यावरच राग काढण्यात गुंग होती. "दोन थेंब तिचे, चार तुमचे," वहिनी म्हणाल्या. "तुमचे नकोत मला."

चार दिवसांनी पटराणीचा निकाल आला. तिच्या अंगातला कान अगदी खानदानी: भरताडासकट, खुंट्यासकट, भिंतीत घट्ट रोवलेला. शिवाय विषाणूतल्या तुकड्यात इतकी अक्षरं बदललेली होती की तो हिच्याकडून काल-परवा उचललेला असणं शक्यच नव्हतं. चोरी झाली असलीच तर फार जुनी, हिच्या कुठल्या तरी खापरपणजीच्या पणजीच्या काळातली. मी पटराणीला जादा दाणे घातले आणि वहिनींना म्हटलं, "सुटलो!"

"कोंबडी सुटली," वहिनी म्हणाल्या. "मी नाही. दार उघडं राहिलं की नुसती कोंबडीच आत येते असं नाही."

मग त्यांनी जे केलं ते ऐकून दादाने कपाळाला हात लावला. गारठ्यातल्या उरलेल्या निम्म्या खपल्या त्यांनी काढल्या आणि नेऊन दिल्या मिशीवाल्यांना. टोमॅटोवाल्या मिशीवाल्यांना! वेगळ्या इमारतीत, वेगळ्या टेबलावर, स्वतःच्या हातांनी करा, आणि होईपर्यंत मला तोंड दाखवू नका, असं बजावून.

"अहो, पण त्यांनाच का?" मी विचारलं. "तो माणूस इतकी वर्षं या दिवसाची वाट बघत असेल."

"म्हणून त्यांनाच. तो डाग निघावा असं मनापासून वाटणारा दुसरा कुणी मिळाला नाही मला."

मग वाट बघणं सुरू झालं. मी रोज काहीतरी निमित्त काढून दादाकडे जाऊ लागलो. वहिनी कामावर जात, येत, भाजी चिरत. पण कप उजेडात धरत नव्हत्या. एकदा मी मुद्दाम माझ्या लेखात एक जुना, चांगला ओळखीचा विनोद घालून अंक त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचला आणि म्हणाल्या, "छान." मला रात्रभर झोप नाही आली.

मिशीवाले आले ते एका सुट्टीच्या सकाळी. आम्ही तिघं चहा पीत बसलो होतो. ते दारात उभे राहिले, चपला काढल्या, पुन्हा घातल्या, पुन्हा काढल्या. चेहरा इतका पडलेला की दादाने घाईघाईने त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.

"मॅडम," ते म्हणाले, "मी खरं सांगतो. तुम्हाला त्या मोरीवर बाटल्या धुताना बघायची माझी फार दिवसांची इच्छा होती. मी जुना ब्रशसुद्धा शोधून ठेवला होता."

वहिनींनी कप खाली ठेवला.

"पण जमत नाही हो," मिशीवाले म्हणाले. "तो तिथे आहे."

मग वहिनी कोरड्या आवाजात म्हणाल्या, "धागा तुकड्यांत वाचलात?"

"नाही. लांबच्या लांब, न तोडता. अलीकडे विषाणू, पलीकडे विषाणू, मधे तुमचा कान. जुळवायला यंत्राला काही ठेवलंच नाही."

"एकदाच?"

"एवढं बघून थांबेन का मी? डाग हुडकायला बसलो होतो. पुन्हा पुन्हा केलं. दरवेळी तेच."

"दार बंद होतं?"

"दार बंद, खिडकी बंद. आणि मॅडम, सुरू केल्यापासून घरात टोमॅटो आणू दिलेला नाही. बायको विचारते, काय नवस आहे का?"

वहिनींच्या ओठांचा कोपरा हलला. त्यांनी कप उचलला. खिडकीकडे वळवला, उजेडात धरला, सावकाश फिरवला.

"साबण राहिलाय," त्या दादाला म्हणाल्या.

दादाने डोळे पुसले. मिशीवाल्यांना काही कळेना. मी मात्र उठून आतल्या खोलीत गेलो आणि हिला फोन करून सांगितलं, "कप उजेडात धरला!" पलीकडून ही एवढ्याने ओरडली की फोनची गरज नव्हती.

पुढचं सगळं मग सरळ झालं असं सांगायला मला आवडलं असतं, पण वहिनी ते छापू द्यायच्या नाहीत. चोरीचा कान आहे एवढंच सिद्ध झालं. तो खरोखर हाका गिळतो का, लस हुकते ती त्याच्याचमुळे का, हे अजून दाखवायचं आहे. त्यासाठी साहेबांनी धडपड करून वहिनींची नोकरी वाढवून घेतली. आणि तो कानच धाग्यातून कापून टाकला, तर उरलेल्या लुळ्या विषाणूची नवी लस होऊ शकेल, असाही एक विचार आहे. वहिनींसोबत त्या कामावर आता मिशीवाले आहेत. वहिनींनीच त्यांना मागून घेतलं.

काड्यापेटीवाल्या बाईला निरोप गेला. ती आली. वहिनींनी तिला सुट्या कानांची गोष्ट सांगितली, मला सांगितली होती तशीच. बाईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे माझी टोचायची चूक नव्हती?"

"नव्हती."

"एवढंच हवं होतं हो मला. घरचे इतके दिवस मलाच बोलत होते." मग पिशवीतून तिने डझनभर अंडी काढून टेबलावर ठेवली. नव्या कोंबड्यांची होती. वहिनींनी त्यांतलं एक उचललं आणि सवयीने उजेडात धरलं. बाई हसली, "चांगली आहेत मॅडम. बघून आणलीत."

हे मला मिशीवाल्यांनी सांगितलं. मी तिथे नव्हतो. मला त्या इमारतीत जायची बंदी होती. पण निकाल छापून आला त्या आठवड्यात मी हिंमत केली. हातात पेढ्यांचा पुडा, पिशवी नाही. पहारेकऱ्याने मला वरपासून खालपर्यंत चाचपलं, पुडा हुंगला आणि म्हणाला, "आज पेशंट नाही ना?"

आतल्या खोलीत काचेपलीकडे वहिनी दिसल्या नाहीत. त्यांच्या टेबलाशी मिशीवाले बसले होते. त्यांनी नुसता अंगठा मागच्या बाजूला केला. मी व्हरांडा ओलांडून मागे गेलो. मोरीवर, ज्या बाईचं नाव त्या आठवड्यात खात्याच्या प्रत्येक फळ्यावर लागलं होतं, ती कोपरापर्यंत फेसात हात बुडवून बाटल्या घासत उभी होती. डावीकडे मळक्या बाटल्यांचा डोंगर, उजवीकडे धुतलेल्यांची रांग, आणि नळाशेजारच्या खिळ्याला दोन ब्रश टांगलेले. एक जुना, एक नवा.

"हे काय वहिनी?" माझ्या हातातला पुडा तसाच राहिला. "डाग नव्हता म्हणून सिद्ध झालं. प्रश्न तुमच्याकडेच राहिला. पटराणीसुद्धा निर्दोष सुटली. मग आता ही शिक्षा कसली?"

वहिनींनी एक बाटली उजेडात धरली, फिरवून पाहिली, रांगेत ठेवली आणि मागे न वळता म्हणाल्या, "दार मी उघडलं होतं, कोंबडी तुम्ही आणली होती, तो जुना ब्रश घ्या."